फ्रान्सचें ऑर्गन-संगीत

महाराष्ट्रांत ऑर्गन हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाचा रंगमंच उभा राहतो. रंगमंचाच्या पायथ्याशीं बसून, दोन्ही पायांनीं भाता चालवीत, गायक नटाच्या स्वराला भरदार साथ देणारें तें वाद्य आपल्या घरचेंच झालें आहे. त्याची जवळची नातलग जी आपली पेटी, तिच्या मूळ युरोपीय रूपाचा हक्क अलेक्सांद्र दबँ नांवाच्या कारागिरानें १८४२ सालीं पॅरिसमध्यें नोंदविला, ही गोष्टही पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आज ज्या ऑर्गनविषयीं मी बोलणार आहें, त्याचा आणि ह्या दोन वाद्यांचा संबंध पट्ट्या आणि भाता एवढ्यापुरताच आहे. फ्रान्समधील मोठमोठ्या चर्चमध्यें प्रवेशद्वाराच्या वर, उंच सज्जावर, भिंतभर पसरलेलें जें नळ्यांचें ऑर्गन असतें, तें म्हणजे वाद्यांचें एक लहानसें गांवच होय.

आपल्या पेटींत पितळेची जीभ हवेनें थरथरते व स्वर निघतो. मोठ्या ऑर्गनमध्यें भात्यांतली हवा एका लांकडी कोठींत येऊन दबून राहते, त्या कोठीवर नळ्या उभ्या केलेल्या असतात, आणि वादकानें पट्टी दाबली कीं त्या त्या नळीखालची झडप उघडून नळी बोलूं लागते. कांहीं नळ्या बासरीच्या जातीच्या, म्हणजे हवा कडेवर आपटून वाजणाऱ्या. कांहीं सनईच्या जातीच्या, म्हणजे बुडाशीं जीभ असलेल्या. सर्वांत मोठी नळी सुमारें ३२ फूट लांब, तर सर्वांत धाकटी आपल्या बोरूहूनही आंखूड. एका नळींतून एकच स्वर आणि एकाच जातीचा आवाज निघतो. म्हणून एका आवाजाच्या नळ्यांची खालपासून वरपर्यंत एक संपूर्ण मालिका करावी लागते. तिला फ्रेंच भाषेंत ‘जू’, म्हणजे खेळ, असें म्हणतात. कोणते खेळ चालू ठेवावयाचे, तें वादक आपल्या दोहों बाजूंच्या खुंट्या ओढून ठरवितो. त्याच्यापुढें पट्ट्यांच्या तीन, चार, कधीं पांच ओळी पायऱ्यांप्रमाणें असतात, आणि पायांखालीं खर्जाच्या स्वरांसाठीं लांकडी दांड्यांची आणखी एक ओळ असते.

आतां ह्यांतील मर्माची गोष्ट. बासरीवाला फुंक वाढवितो, सतारिया आघात वाढवितो. ऑर्गनची नळी मात्र कारागिरानें जशी बोलती केली तशीच बोलते. पट्टी हलकेच दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, स्वर तेवढाच. वादकाच्या हातीं निवड आणि काळ एवढेंच उरतें : कोणता आवाज घ्यावयाचा, आणि स्वर केव्हां धरून केव्हां सोडावयाचा. बाकी सारें कारागिराचें. सर्वच देशांत हें खरें आहे; पण फ्रेंच रचनाकारांनीं ही मर्यादा उघडपणें मान्य केली आणि कारागिराच्या आवाजांतूनच आपल्या रचना काढल्या. म्हणून ह्या संगीताचा इतिहास सांगूं लागलें कीं वाद्य घडविणारांचा इतिहास आपोआपच सांगावा लागतो.

इ. स. ७५७ मध्यें कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटानें फ्रँक लोकांचा राजा पेपँ ह्यास एक ऑर्गन नजर केलें, अशी नोंद आहे. मधलीं आठ शतकें ओलांडून आपण १६२३ सालाकडे येऊं. त्या वर्षीं रूआँ येथील मुख्य चर्चचा वादक झां तितलूझ ह्यानें उपासनेच्या स्तोत्रांवर आधारलेल्या रचनांचा ग्रंथ छापला, आणि फ्रेंच ऑर्गन-परंपरेचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. त्या काळच्या उपासनेंत एक चरण गायकवृंद म्हणे आणि पुढचा चरण गाण्याऐवजीं ऑर्गन वाजवी. त्या चरणाचे शब्द कोणी हलक्या आवाजांत उच्चारी. असें आळीपाळीनें सारें स्तोत्र पुरें होई. कोठें वाजवावें, कोठें थांबावें, ह्याचे नियम पॅरिसच्या धर्मपीठानें १६६२ सालीं ग्रंथरूपानें घालून दिले होते. ह्या पद्धतीचा रचनेवर फार मोठा परिणाम झाला. वादकाच्या वांट्यास एकेका वेळीं दीडदोन मिनिटें येत. तेवढ्यांत आलाप वाढविण्यास अवकाश नाहीं. मग प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा करावयाचा, हाच एक उपाय.

आणि म्हणूनच ह्या तुकड्यांना जीं नांवें दिलीं जात तीं भावनेचीं किंवा प्रसंगाचीं नसून खुंट्यांचीं असत. ‘प्लें-जू’ म्हणजे भरलेला खेळ : बासरी-जातीच्या मुख्य नळ्या आणि त्यांच्यावर अतिशय बारीक, उंच स्वरांच्या नळ्यांचे झुबके, आवाज चकचकीत, काचेवर ऊन पडावें तसा. ‘ग्रां-जू’ म्हणजे मोठा खेळ : ह्यांत ते झुबके बंद आणि कर्ण्यासारख्या जिभेच्या नळ्या चालू. दोहोंचे अर्थ शब्दकोशांत पाहिले तर सारखेच वाटतील, पण एकाच्या जागीं दुसरा वाजविला तर रचनेचा जीवच जातो. ‘क्रोमोर्न’ ह्या नाकांतून बोलणाऱ्या नळीसाठीं वेगळें गीत, कर्ण्याच्या खालच्या पट्ट्यांसाठीं वेगळें, आणि प्रतिसादासाठीं संवाद नांवाचा वेगळा प्रकार. वाद्याची खुंटी हेंच रचनेचें शीर्षक.

ह्यांतला एक प्रकार आपल्या कानांना विशेष जवळचा वाटेल. तंबोरा उत्तम जुळला म्हणजे खर्जाच्या तारेंतून गांधार आपोआप उमटतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. फ्रेंच कारागिरांनीं ह्या गांधारासाठीं स्वतंत्र नळ्या केल्या. पट्टी षड्जाची दाबावी, तर मूळ षड्जाबरोबर दोन सप्तकें वरचा गांधार एका बारीक नळींतून निघे. त्याच रीतीनें पंचमाच्याही नळ्या असत. हे सारे स्वर निरनिराळे ऐकूं येत नाहींत. ते मिळून षड्जालाच एक दाट, किंचित् तुरट असा रंग येतो. ह्या गांधाराच्या खेळाला ‘तिएर्स’ म्हणतात. मधल्या सप्तकांत डाव्या हातानें ह्या आवाजावर गीत वाजवावयाचें, उजव्या हातानें वर मृदु साथ द्यावयाची आणि पायांनीं खर्ज धरावयाचा, ह्या प्रकाराचें नांव ‘तिएर्स आँ ताय’. फ्रेंच ऑर्गन-संगीतांतील अत्यंत करुण आणि गंभीर रचना बहुधा ह्याच प्रकारांत आहेत. ह्या संगीताची ओळख करून घ्यावयाची असेल त्यानें माझ्या मतें आरंभ येथूनच करावा; मोठ्या गर्जनेकडे मागाहून वळावें.

वादनाची रीतही वेगळी होती. कागदावर सारख्या लांबीचे लिहिलेले स्वर ते लोक सारखे वाजवीत नसत. स्वर पायरीपायरीनें जात असले म्हणजे जोडींतला पहिला लांब व दुसरा आंखूड होई. किती लांब, हें रचनेच्या स्वभावावर आणि वादकाच्या रुचीवर. आपण लिहितों एक आणि वाजवितों दुसरें, आणि म्हणूनच परदेशी लोकांना आमचें संगीत नीट वाजवितां येत नाहीं, अशा आशयाचें विधान फ्रांस्वा कूपरँ ह्यानें १७१६ सालच्या आपल्या वादनविषयक ग्रंथांत केलें आहे. स्वरलिपीवरून बसविलेली चीज आणि गुरुमुखांतून आलेली चीज ह्यांतलें अंतर ज्याला माहीत आहे, त्याला हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. मुरक्या आणि कंपनें ह्यांचे कोष्टक मात्र ते ग्रंथाच्या आरंभीं छापीत, आणि कोणती खुंटी कोणत्या खुंटीबरोबर ओढावी, ह्याच्याही सूचना देत. ह्या सूचना आज अनमोल ठरल्या आहेत.

हा कूपरँ पॅरिसमधील सँ-जेर्व्हे चर्चच्या वादकांच्या घराण्यांतला. तेथील ऑर्गन १६५३ पासून १८२६ पर्यंत ह्या एका कुटुंबाकडे होतें. १६९० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्यानें उपासनेसाठीं दोन ऑर्गन-मालिका रचल्या, एक गांवच्या चर्चसाठीं व दुसरी मठांसाठीं. रँस येथील वादक निकोला द ग्रिन्यी ह्याचा एकुलता एक ग्रंथ १६९९ सालचा. तो ग्रंथकर्ता १७०३ सालीं, अवघ्या एकतीस वर्षांचा असतांना वारला. पण त्याचा तो ग्रंथ जर्मनींत योहान सेबास्टियन बाख ह्यानें स्वतःच्या हातानें उतरून घेतला, ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें असणार?

पुढच्या शतकांत कारागिरी शिखरास पोंचली. दों बेदो नांवाच्या साधूनें ऑर्गन घडविण्याच्या कलेवर प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १७६६ पासून १७७८ पर्यंत भागाभागानें निघाला, आणि आजही कारागीर तो उघडून पाहतात. फ्रांस्वा-आन्री क्लिको ह्यानें प्वातिए येथें आपलें शेवटचें मोठें वाद्य घडविण्यास घेतलें व तें पुरें होण्यापूर्वींच, १७९० सालीं, तो मरण पावला. त्याच्या मुलानें तें १७९१ सालीं पूर्ण केलें. तोंवर राज्यक्रांति सुरू झाली होती. चर्चची मालमत्ता जप्त झाली, अनेक ऑर्गनें विकलीं गेलीं, आणि नळ्यांतील कथील व शिसें वितळविण्यांत आलें. वाद्यें गेलीं तसे वादकांचे पगारही गेले. प्वातिएचें वाद्य मात्र वांचलें, आणि जुना फ्रेंच आवाज कसा होता हें ऐकावयाचें असल्यास आजही तेथें जातात.

ह्या पडझडीनंतर जो पुरुष उभा राहिला त्याचें नांव आरिस्तीद कावाये-कोल. १८११ सालीं माँपेल्ये येथें कारागिराच्या घराण्यांत जन्मलेल्या ह्या तरुणानें १८३३ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील मोठ्या ऑर्गनचें काम स्पर्धेंत जिंकलें व तें १८४१ सालीं पुरें केलें. त्यापूर्वीं एक मोठीच अडचण होती. पट्ट्यांच्या तीनचार ओळी एकमेकींस जोडल्या म्हणजे एका बोटाला अनेक झडपा ओढाव्या लागत, आणि पट्टी इतकी जड होई कीं द्रुत वादन अशक्य व्हावें. बार्कर नांवाच्या इंग्रज गृहस्थानें ह्यावर तोड काढली होती : प्रत्येक पट्टीस एक चिमुकला भाता, बोटानें फक्त त्या भात्याला हवा द्यावयाची, ओढण्याचें काम भाता करील. कावाये-कोलनें ही युक्ति सँ-दनी येथें बसविली. मग मोठें वाद्यही हलक्या बोटांनीं वाजूं लागलें.

त्यानें आणखीही पुष्कळ केलें. नेहमींच्या दुप्पट लांबीची, मध्यें छिद्र पाडलेली बासरी-नळी केली. तिचा आवाज वरच्या सप्तकांत पातळ न होतां उलट फुलत जातो. सारंगीसारखा घासल्याचा भास देणारे आवाज आणले. नळ्यांचा एक गट कपाटांत बंद करून त्याच्या फळ्या पायानें उघडझांप करण्याची सोय जुनीच होती. तिला त्यानें मुख्य स्थान दिलें. आणि सर्वांत महत्त्वाची सोय ही कीं, कर्ण्यांच्या खुंट्या आधींच ओढून ठेवाव्यात, पण त्यांची हवा बंद असावी. वादकानें योग्य क्षणीं पायानें एक दांडी दाबली कीं सारे कर्णे एकदम गर्जूं लागावेत. हात पट्ट्यांवरून उचलावयास नको. एकट्या माणसाला कुजबुजीपासून मेघगर्जनेपर्यंत सलग चढत जातां येऊं लागलें, तें ह्या सोयीमुळें. सँ-सुल्पीस येथें १८६२ सालीं त्यानें १०० खेळांचें, पट्ट्यांच्या पांच ओळींचें वाद्य उभें केलें, आणि क्लिकोच्या जुन्या नळ्यांपैकीं पुष्कळ नळ्या मानानें त्यांत ठेवून घेतल्या. नोत्र-दाम येथील वाद्य १८६८ सालचें. एवढी कीर्ति मिळवूनही हा मनुष्य १८९९ सालीं वारला तेव्हां त्याची आर्थिक स्थिति हलाखीचीच होती.

नवें वाद्य आलें, आणि त्याच्यामागोमाग नवें संगीत आलें. क्रम हाच, उलटा नव्हे. सँत-क्लोतिल्द चर्चमध्यें कावाये-कोलचें वाद्य १८५९ सालीं सुरू झालें व तेथें सेझार फ्रांक हा वादक होता. मूळचा लिएजचा, स्वभावानें सौम्य, शिकवण्या करून पोट भरणारा. त्यानें ऑर्गनसाठीं मोठ्या रचना अवघ्या बाराच छापण्यास दिल्या किंवा तयार ठेवल्या : सहा १८६८ मध्यें, तीन १८७८ मध्यें, आणि शेवटच्या तीन १८९० मध्यें, म्हणजे मृत्यूच्याच वर्षीं. ह्या बारांमध्यें खुंट्यांच्या सूचना इतक्या काटेकोर आहेत कीं त्या वाचतांना सँत-क्लोतिल्दचें वाद्य डोळ्यांपुढें मांडतां येतें. त्या वाद्यांत फळ्यांच्या कपाटाचा दांडा चमच्यासारखा असून तो पायानें दाबून धरावा लागे. सोडला कीं वर येई. म्हणजे उजवा पाय तेथें अडकला असतां खर्ज डाव्या पायानेंच वाजवावा लागणार. फ्रांकच्या कित्येक जागा अशा आहेत कीं त्यांचें कोडें हा दांडा माहीत झाल्यावरच सुटतें.

आणि येथेंच वादाला तोंड फुटतें. फ्रांकचा शिष्य शार्ल तूर्नमीर पुढें १८९८ पासून १९३९ पर्यंत सँत-क्लोतिल्दचा वादक होता. त्यानें १९३१ सालीं गुरूवर पुस्तक लिहिलें आणि त्यांत लयीच्या लवचिकपणावर, वाक्यागणिक श्वास घेण्यावर भर दिला. दुसरीकडे बेल्जियमच्या लेमन्सकडून शार्ल-मारी विदोरकडे व विदोरकडून मार्सेल द्युप्रेकडे आलेली परंपरा. तिची शिस्त कडक : स्वर स्वराला जोडलेला हवा, एकच स्वर पुन्हां वाजवावयाचा तर पहिल्याची लांबी बरोबर अर्धी करून तेवढीच स्तब्धता ठेवावयाची. १९२० सालीं बाखची समग्र ऑर्गन-रचना दहा बैठकींत तोंडपाठ वाजविणारा द्युप्रे हा असामान्य वादक होता, ह्यांत शंका नाहीं. पण १९५५ सालीं त्यानें फ्रांकच्या रचनांची जी आवृत्ति काढली तींत स्वतःची शिस्त फ्रांकवर लादली, असा आक्षेप घेण्यांत आला. मला स्वतःला तूर्नमीरच्या बाजूचें म्हणणें अधिक पटतें. प्रचंड दगडी घुमटाखालीं स्वर सोडल्यावरही कांहीं क्षण घुमत राहतो, आणि तो विरण्याची वाट पाहणें हें घड्याळाच्या हिशेबानें होत नाहीं. परंतु ह्या वादाचा निकाल ज्या वाद्यावर लागावयाचा तेंच आतां मूळ रूपांत नाहीं. तूर्नमीरनें स्वतःच १९३३ सालीं त्यांत नवे खेळ घालून घेतले, आणि त्याच्यानंतर जागेवर आलेल्या झां लाँग्लेच्या कारकीर्दींत, १९६२ च्या सुमारास, पट्ट्यांची यंत्रणा विजेची झाली. गुरूचा आवाज जपण्याचा सर्वांत मोठा कैवारी, आणि गुरूच्या वाद्याला पहिला हात त्याचाच! सँ-सुल्पीसचें वाद्य मात्र विदोर व द्युप्रे ह्या शिस्तीच्या पक्षानें जवळजवळ जसेंच्या तसें राखलें. विदोर तेथें १८७० सालीं तात्पुरता म्हणून नेमला गेला व १९३४ सालीं पायउतार झाला. मधल्या चौसष्ट वर्षांत त्याची कायम नेमणूक कधीं झालीच नाहीं, असें सांगतात.

लाँग्ले हा अंध होता, आणि फ्रान्समध्यें हा अपवाद नव्हे. पॅरिसच्या अंध मुलांच्या सरकारी शाळेंतून एकामागून एक श्रेष्ठ ऑर्गन-वादक निघाले. ज्याच्या ठिपक्यांच्या लिपीनें जगांतील अंधांना वाचतें केलें तो लुई ब्रेल त्याच शाळेचा विद्यार्थी व पुढें शिक्षक. तो पॅरिसच्या चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असे, आणि १८२९ सालच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या नांवांतच शब्दांबरोबर संगीत लिहिण्याच्या रीतीचाही उल्लेख आहे. एका हातानें ठिपके वाचावयाचे, दुसऱ्या हातानें वाजवावयाचें, मग हात बदलावयाचे आणि शेवटीं सारें तोंडपाठ करावयाचें. लुई व्हिएर्न हा जवळजवळ अंध असाच जन्मला, तोही प्वातिए येथें. १९०० पासून तो नोत्र-दामचा वादक. २ जून १९३७ रोजीं, आपल्या १७५० व्या जाहीर वादनांत, नियोजित रचना संपवून उत्स्फूर्त वादनास आरंभ करणार तोंच तो बैठकीवरच कोसळला व गतप्राण झाला. पाय खर्जाच्या दांडीवर पडला आणि तो एकच स्वर चर्चभर घुमत राहिला, असें त्या वेळचे लोक सांगत.

ह्या परंपरेचा एक धागा अनपेक्षितपणें आपल्या देवगिरीपर्यंत येतो. ओलिव्हिए मेसियाँ हा १९३१ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा वादक होता. तरुणपणीं त्याला एका फ्रेंच संगीतकोशांत भारतीय संगीतावरील लेख सांपडला, आणि त्यांत शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरां’तील १२० देशी तालांचें कोष्टक होतें. तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयानें देवगिरीस लिहिलेल्या ह्या ग्रंथांतून मेसियाँनें रागवर्धन आदि ताल उचलले, आणि १९३५ सालच्या ख्रिस्तजन्मावरील ऑर्गन-मालिकेंत व पुढें १९५१ च्या ‘ऑर्गनच्या पुस्तकां’त त्यांचा उपयोग केला. मात्र हें ऐकून कोणी सम शोधीत बसूं नये. आवर्तन, ठेका, समेवर येण्याचा आनंद, ह्यांपैकीं तेथें कांहीं नाहीं. मेसियाँनें हे ताल वाजतांना ऐकून घेतले नव्हते, कागदावर पाहून घेतले होते. त्याच्या दृष्टीनें ते काळाचे निरनिराळ्या लांबीचे तुकडे होत. पण त्या तुकड्यांतून त्यानें जी स्थिर, गतीवांचूनची शांतता निर्माण केली ती मोलाची आहे.

१९२० नंतर फ्रान्समध्यें एक विचार बळावला कीं एकाच ऑर्गनवर कूपरँ, बाख आणि फ्रांक तिघेही वाजले पाहिजेत. हेतु चांगला होता. त्यापायीं अनेक जुन्या वाद्यांत फेरबदल झाले, कावाये-कोलच्या नळ्या काढून तेथें दुसऱ्या बसविल्या गेल्या, आणि कित्येक ठिकाणीं तिघांपैकीं कोणाचाच आवाज धड उरला नाहीं. शतकाच्या उत्तरार्धांत वारें फिरलें. जुने कारागीर ज्या मापानें नळ्या करीत तीं मापें पुन्हां काढण्यांत आलीं, दों बेदोचा ग्रंथ पुन्हां उघडला गेला, आणि बरींच वाद्यें पूर्वरूपास नेण्यांत आलीं. मरी-क्लेर आलँ ह्या श्रेष्ठ वादिकेनें तर बाखच्या समग्र रचना तीनदां मुद्रित केल्या. त्यांत जसजशी जुन्या वाद्यांची माहिती वाढत गेली तसतसें तिचें वादन बदलत गेलेलें ऐकूं येतें.

१५ एप्रिल १९१९ नव्हे, २०१९ : ही तारीख आपल्या ऐकण्यांत आहे. त्या सायंकाळीं नोत्र-दामचें छप्पर जळालें. सुमारें ८००० नळ्यांचें तें ऑर्गन ज्वाळांतून वांचलें, पण छपराच्या वितळलेल्या शिशाची विषारी धूळ त्यावर बसली. सारें वाद्य उतरवून, नळी न् नळी स्वच्छ करून पुन्हां चढवावें लागलें. मग प्रत्येक नळीचा आवाज कानानें नीट करण्याचें काम आलें. दिवसा चर्चमध्यें बांधकामाचा गोंगाट, म्हणून कारागीर हें काम रात्रीं करीत. ७ डिसेंबर २०२४ रोजीं चर्च पुन्हां उघडलें. त्या वेळीं आर्चबिशपांनीं ऑर्गनला उद्देशून जागें होण्याचें आवाहन केलें, आणि त्या शब्दांना ऑर्गननें उत्तर दिलें. अशीं आठ आवाहनें आणि आठ उत्तरें झालीं. उत्तरें देणारे वादक चार होते, आणि त्यांच्यापुढें लिहिलेला कागद नव्हता.